२८० रुपयांचे टीडीएस मीटर: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात मी जाड स्केचपेनाएवढे, पांढऱ्या प्लास्टिकचे एक टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घनपदार्थांचे प्रमाण दाखवणारे यंत्र, २८० रुपयांना मागवले आणि त्यानंतरच्या वर्षभरात अकोल्यातले घर, दर्यापूर तालुक्यातले आमचे गाव आणि पुण्यातली बहिणीची सोसायटी अशा तीन ठिकाणच्या पाण्यात ते शेकडो वेळा बुडवले. याच घडणीची मीटर बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळतात, म्हणून नावात न शिरता हे परीक्षण या प्रकारच्या मीटरचे आहे असे समजावे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. किमतीच्या मानाने वस्तू उत्तम आहे, परंतु ती नेमके काय मोजते हे न समजता वापरली, तर घरातल्या कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक सहजपणे ती माणसाला फसवते. ती काय मोजते हे समजून घ्यायचे, तर पाणी इतके पदार्थ विरघळवते कसे, इथपासून सुरुवात करावी लागते.

आधी वस्तूविषयी. टोपण काढले की खाली धातूची दोन बारीक टोके दिसतात आणि वर छोटा पडदा व तीन बटणे असतात. पाण्यात साधारण दोन इंच बुडवायचे, हलकेच ढवळून टोकांना चिकटलेले हवेचे बुडबुडे घालवायचे आणि आकडा स्थिर होईपर्यंत आठ-दहा सेकंद थांबायचे. आकडा पीपीएममध्ये येतो, म्हणजे व्यवहारात एका लिटरला इतके मिलिग्रॅम. एक बटण आकडा गोठवून ठेवते, त्यामुळे विहिरीच्या काठावर वाकून मोजल्यावर तो सावलीत येऊन वाचता येतो. घड्याळात असतात तशा दोन गोल बटणसेल त्यात बसतात आणि माझ्या मीटरमधल्या अकरा महिने चालल्या. मागच्या बाजूला दुरुस्तीसाठी एक बारीक स्क्रू आहे. त्याला उगाच हात लावू नये.

वस्तूतला सर्वांत मोठा दोष पडद्यावर आहे. ९९९ पर्यंतचा आकडा जसाच्या तसा दिसतो, पण त्यापुढे मीटर शेवटचा अंक गाळते आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ‘×१०’ असे दाखवते. गावच्या बोअरचे पाणी पहिल्यांदा मोजले तेव्हा बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून पडद्यावरचे १८७ वाचले आणि खूश होऊन म्हणाले, “अबे, आपलं पानी त अकोल्याहून बेस निंगालं!” अकोल्याच्या नळाचे पाणी २१२ आले होते, त्यामुळे त्यांचे गणित चुकीचे नव्हते. खरा आकडा होता १,८७०. ज्यांच्याकडे खारे पाणी आहे, नेमक्या त्यांनाच हे मीटर चुकीचा दिलासा देऊ शकते, ही गोष्ट आवेष्टनावर ठळक छापायला हवी होती. माझ्या खोक्यावर तिचा उल्लेखही नव्हता.

मीटर घेण्याचे कारण घडले ते अकोल्यात. आमच्याकडे महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी येते. ते रोज येत नाही, ही तक्रार वेगळी, पण पाणी गोडे आहे. एका दुपारी जलशुद्धीकरण यंत्रे विकणारा एक तरुण दारात आला. त्याने आमच्या नळाचे पाणी एका ग्लासात आणि स्वतःच्या बाटलीतले पाणी दुसऱ्या ग्लासात ओतले, दोन्हींत धातूचे गज असलेले एक यंत्र ठेवले आणि ते विजेच्या बोर्डाला जोडले. मिनिटाभरात आमचा ग्लास हिरवट, मग तपकिरी होत गेला आणि तळाशी गंजाच्या रंगाचा लिबलिबीत साका जमला. त्याचा ग्लास तसाच नितळ राहिला. “सर, हे तुम्ही रोज पिता,” एवढेच तो म्हणाला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईचा चेहरा पाहिल्यावर त्याला अधिक काही बोलण्याची गरजही नव्हती. मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि त्याच रात्री हे मीटर मागवले.

त्या तपकिरी साक्याचा उलगडा मीटरच्या दोन टोकांपाशीच आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या एका अणूला हायड्रोजनचे दोन अणू जोडलेले असतात, हे सर्वांना शाळेपासून ठाऊक असते. ते एका सरळ रेषेत नसतात हे मात्र बहुतेक जण विसरतात, आणि सगळी करामत त्या वाकड्या बांध्यात आहे. दोन्ही बंधांमध्ये सुमारे १०४.५ अंशांचा कोन असतो. ऑक्सिजन सामाईक इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या बाजूला थोडासा ऋण प्रभार आणि हायड्रोजनच्या टोकांना थोडासा धन प्रभार येतो. रेणू सरळ असता तर दोन्हीकडची ओढ एकमेकींना छेदून गेली असती, जशी ती कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत जाते. वाकडा असल्यामुळे पाण्याच्या प्रत्येक रेणूला दोन वेगळ्या बाजू राहतात, एक ऋणाकडे झुकलेली आणि दुसरी धनाकडे.

आता त्यात मिठाचा खडा पडतो. मीठ म्हणजे सोडियमचे धन आयन (आयन म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट) आणि क्लोराइडचे ऋण आयन यांची एकाआड एक रचलेली, अतिशय घट्ट भिंत आहे. कोरडे मीठ सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले तरच ती भिंत ढासळते. तेच काम पाणी आपल्या स्वयंपाकघरातल्या तापमानाला चमच्याच्या दोन फेऱ्यांत करते. खड्याच्या कडेला असलेल्या सोडियमभोवती पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू पुढे करून गोळा होतात, क्लोराइडभोवती हायड्रोजनची बाजू पुढे करतात आणि एकेका आयनाला भिंतीतून सोडवून स्वतःच्या घोळक्यात घेतात. पाण्यात असताना दोन विरुद्ध प्रभारांतली ओढ निर्वातातल्या ओढीच्या सुमारे ऐंशीव्या हिश्शावर येते, त्यामुळे सुटलेले आयन पुन्हा एकमेकांना सहज सापडत नाहीत. सामान्य तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ अशा रीतीने मावते.

हे सुटे आयन प्रभारित असल्यामुळे वीज वाहून नेतात, आणि मीटर मोजते ते इतकेच. ते दोन टोकांमध्ये अगदी क्षीण, दिशा बदलत राहणारा विद्युतप्रवाह सोडते, पाणी किती वाहक आहे ते पाहते आणि त्या वाहकतेला साधारण ०.५ ते ०.७ दरम्यानच्या एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवते. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या सर्व घनपदार्थांची बेरीज खरी, परंतु हे यंत्र पदार्थ तोलत नाही. ते विजेवरून पदार्थांचा अंदाज बांधते.

विक्रेत्याचे यंत्रही पाण्यातून वीजच सोडत होते. फरक असा की ती एकाच दिशेने वाहणारी होती, भरपूर होती आणि गज लोखंडाचे होते. अशा प्रवाहात लोखंड स्वतःच आयन होऊन पाण्यात उतरते आणि त्याचे हायड्रॉक्साइड तयार होऊन हिरवट-तपकिरी साका बसतो. पाण्यात आयन असतील तरच प्रवाह वाहतो, म्हणून क्षार असलेले कोणतेही पाणी त्या ग्लासात गढूळ होणार आणि क्षार काढलेले पाणी नितळ राहणार. त्या साक्यातले लोखंड आमच्या नळातून नव्हे, त्याच्या गजातून आलेले होते. तो दुसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला त्याच्याच बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा तोच प्रयोग करायला सांगितले. त्याने थोडे आढेवेढे घेतले, पण केला, आणि या वेळी त्याचा ग्लास आमच्या ग्लासापेक्षा अधिक वेगाने तपकिरी झाला. “मीठ टाकल्यावर तसंच होतं, सर,” तो म्हणाला. संपूर्ण व्यवहारातले त्याचे हे सर्वांत प्रामाणिक वाक्य होते. हा प्रयोग कोणी स्वतः घरी जुळवू नये. बोर्डाला जोडलेले गज आणि पाणी यांची गाठ घालण्यात धोका आहे.

मीटरची परीक्षा घेण्यासाठी मात्र धोका नसलेले प्रयोग पुष्कळ आहेत. माझ्या आठवीतल्या मुलीने आणि मी ते एका रविवारी ओट्यावर केले. इन्व्हर्टरसाठी आणलेल्या डिस्टिल्ड पाण्यात मीटरने ३ दाखवले. मग गावच्या घरातल्या जलशुद्धीकरण यंत्रातून गाळून आणलेले एक लिटर पाणी घेतले. त्याचा आकडा ८५ होता. मसाले तोलण्याच्या काट्यावर एक ग्रॅम मीठ तोलून त्यात विरघळवले, तेव्हा पडद्यावर १०८ आणि कोपऱ्यात ×१० आले, म्हणजे १,०८०. लिटरला एक ग्रॅम म्हणजे हजार मिलिग्रॅम, त्यात आधीचे ८५ धरले तर अपेक्षित आकडा १,०८५. खेळण्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूकडून एवढ्या अचूकतेची अपेक्षा मला नव्हती.

त्यानंतर त्याच गाळलेल्या पाण्याचा दुसरा ग्लास घेऊन त्यात एक चमचा साखर घातली. ती पूर्ण विरघळली, ग्लास तसाच पारदर्शक राहिला आणि पाणी चांगले गोड झाले. पाच ग्रॅम साखर पाव लिटरला म्हणजे लिटरला वीस हजार मिलिग्रॅम. मीटरवर आकडा आला ८७. मुलीने मीटर झटकले, पुसले आणि पुन्हा बुडवले. पुन्हा ८७.

वर्षभरात या यंत्राने शिकवलेली सर्वांत मोलाची गोष्ट मला त्या ८७ मध्ये दिसते. साखरही पाण्यात विरघळते ती पाण्याच्या दोन बाजूंमुळेच, परंतु तिची रीत वेगळी आहे. साखरेच्या प्रत्येक रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या बाहेर डोकावत असतात, आणि पाण्याचे रेणू आपसांत ज्या हायड्रोजन बंधांनी धरून असतात तसेच बंध ते या जोड्यांशी जुळवतात. साखरेचा रेणू पाण्याला परका वाटतच नाही, म्हणून शंभर ग्रॅम पाण्यात साधारण दोनशे ग्रॅम साखर मावते. मिठाच्या पाचपटीहून जास्त. मात्र साखरेचा रेणू अख्खाच्या अख्खा पाण्यात उतरतो आणि त्याचे प्रभारित तुकडे होत नाहीत. वीज वाहून न्यायला कोणी नाही, तर मीटरला दिसणार काय? पाकाची तार आली तरी हे यंत्र तिला जवळजवळ शुद्ध पाणी म्हणेल.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. शहाळ्याच्या पाण्यात मीटर बुडवले तर आकडा अडीच-तीन हजारांच्या घरात जातो, कारण त्यात पोटॅशियमसारखे आयन भरपूर असतात. आमच्या खाऱ्या बोअरपेक्षाही जास्त! आजाऱ्याला आपण तेच पाणी आवर्जून पाजतो. आकडा मोठा म्हणजे पाणी घाण आणि आकडा लहान म्हणजे पाणी शुद्ध, हे जे समीकरण विक्रेते लोकांच्या डोक्यात बसवतात, ते एका शहाळ्याने आणि एका साखरेच्या चमच्याने निकालात निघते.

पाण्यात जे विरघळत नाही, त्याची गाठ मीटरशी पडतच नाही. तेलाच्या रेणूत अशा प्रभारित बाजू नसतात. त्याला आत घ्यायचे तर पाण्याच्या रेणूंना आपसांतले बंध मोडावे लागतील आणि बदल्यात तसे काहीच मिळणार नाही, म्हणून ते तेलाला बाहेर ठेवतात. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही आणि फोडणीत लगेच उतरतो, तोही याच कारणाने. शाळेच्या पुस्तकात पाण्याला वैश्विक द्रावक म्हटलेले असते, त्या ‘वैश्विक’चा अर्थ सगळे काही असा घेऊ नये.

अर्थात जे विरघळत नाही असे आपण समजतो, तेही थोडे विरघळतेच. अठराव्या शतकात, पाणी सतत उकळत ठेवले की त्याची माती होते असे मानणारे लोक होते, कारण काचेच्या भांड्यात पाणी दीर्घकाळ उकळले की तळाशी पांढरी भुकटी सापडे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए यांनी बंद काचपात्रात पाणी १०१ दिवस तापवत ठेवले, पात्र आणि पाणी दोन्ही आधी आणि नंतर तोलले आणि ती भुकटी पाण्यातून नव्हे, काचेतून आली आहे हे १७७० साली मांडले. भुकटी कुठून आली हे पाहायला आधी भांडे तोलावे, ही युक्ती आमच्या दारातल्या त्या ग्लासालाही लागू पडली असती.

गावाकडे वळतो, कारण मीटरचा खरा उपयोग तिथे झाला. आमचे गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात नदीच्या गाळाचे जाड थर आहेत, त्यांत क्षार साचलेले आहेत, आणि जमिनीतले पाणी ते क्षार सोबत घेऊनच वर येते. बोअरच्या पाण्याचा चहा खारट लागतो आणि आंघोळीनंतर कातडी ताठते. पिण्यासाठी शहानूर धरणाच्या योजनेचे पाणी येते तेव्हा येते, नाही तेव्हा हेच पाणी यंत्रातून गाळून प्यायचे.

मागच्या पावसाळ्यात मी एक साधी नोंद ठेवली. अंगणाच्या मधोमध, झाडापासून दूर, स्टीलचे पातेले ठेवून पहिला तासभर पाऊस वाहू दिला आणि मग साठलेले पाणी मोजले. आकडा आला ९. तेच पाणी पत्र्यावरून पन्हाळीतून आले तेव्हा ३१. अंगणातल्या डबक्यात दुसऱ्या दिवशी २४०, आणि बोअरमध्ये १,८७०. आकाशातून पडताना पाणी जवळजवळ रिकाम्या हाताने येते. हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि ते किंचित आम्ल होते, एवढेच. त्यानंतर ज्या ज्या वस्तूला ते टेकते, तिचा थोडा अंश खिशात घालून पुढे जाते. या चार आकड्यांनी बाबांना जे पटले, ते मला आकृत्या काढून पटवता आले नसते.

त्या आयनांमध्ये कोण कोण आहे, हे मात्र मीटर सांगू शकत नाही, आणि ही त्याची दुसरी मोठी मर्यादा मला पुण्यात कळली. बहिणीच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचे पाणी मिसळतात. तिथे आकडा आला ७४०, म्हणजे गावच्या निम्म्याहूनही कमी. तरीही तिच्याकडे तूरडाळ चार शिट्ट्यांनंतर अख्खी राहते, साबणाला फेस येत नाही आणि गीझरच्या कॉइलवर दर वर्षी चुन्याचे जाड कवच चढते. कारण तिथले पाणी बेसॉल्टच्या खडकातून येते. पावसाच्या पाण्यातला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड खडकातली खनिजे हळूहळू खातो आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपाने पाण्यात उतरतात. शाळेत ज्याला दुष्फेन पाणी म्हणत, ते हे. चुनखडी नुसत्या शुद्ध पाण्यात लिटरला जेमतेम तेरा-चौदा मिलिग्रॅम विरघळते, कारण तिच्यातल्या आयनांवर दुप्पट प्रभार असल्यामुळे ते एकमेकांना सोडत नाहीत. बायकार्बोनेट झाल्यावर मात्र तेच कॅल्शियम शेकडो मिलिग्रॅमपर्यंत सहज मावते. गीझरमध्ये पाणी तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचे पुन्हा कार्बोनेट होते आणि ते कॉइलवर बसते. डाळ शिजत नाही, कारण कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला अधिकच घट्ट बांधून टाकते. गावच्या पाण्यात मोठा वाटा सोडियमचा आहे, आणि सोडियम हा उपद्व्याप करत नाही. त्याचे उपद्व्याप वेगळे, चवीत आणि शेतातल्या जमिनीत दिसणारे. ७४० आणि १,८७० या आकड्यांची नुसती तुलना करून कोणते पाणी कुकरला मानवेल हे ठरवले असते, तर उत्तर साफ चुकले असते. गीझर आणि कुकरसाठी काठिण्य, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण, स्वतंत्रपणे मोजावे लागते. त्याचे थेंब टाकून रंग बदलणारे संच मिळतात आणि बहिणीला मी तोच घ्यायला सांगितला.

भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घनपदार्थांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत मुभा आहे. मीटरचा आकडा या दोन रेषांशी ताडून पाहणे योग्यच, पण त्याच मानकात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा १ मिलिग्रॅम, आर्सेनिकची ०.०१ मिलिग्रॅम आणि नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम आहे. एकेक अंकाने मोजणाऱ्या यंत्राला आर्सेनिक दिसणेच शक्य नाही, आणि यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांसारखे फ्लोराइडचे पाणी असेल, तर ४०० हा निर्धास्त करणारा आकडा दाखवूनही ते दात आणि हाडे बिघडवू शकते. जंतू तर विरघळलेले नसतातच. सांडपाणी मिसळलेले नळाचे पाणी मीटरला निर्दोष वाटू शकते. म्हणून गावचे पाणी मी एकदा जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतही तपासून घेतले. तिथला एकूण आकडा १,९६० आला, मीटरच्या आकड्याहून सुमारे पाच टक्क्यांनी अधिक. मीटरचा गुणक ठरावीक असतो, आणि प्रत्येक पाण्यातले आयनांचे मिश्रण वेगळे असते, हे पाहता एवढा फरक मी आनंदाने स्वीकारतो. शिवाय त्या अहवालात क्लोराइड, काठिण्य, नायट्रेट आणि फ्लोराइड यांचे आकडे स्वतंत्र होते, जे २८० रुपयांत मिळणार नाहीत.

मीटरने पैसे वाचवले ते अकोल्यात. २१२ आकड्याच्या पाण्याला आरओ यंत्र, म्हणजे पाणी दाबाने एका दाट पडद्यातून ढकलून क्षार मागे अडवणारे यंत्र, कशाला हवे? तिथे गरज आहे ती जंतूंपासून संरक्षणाची, आणि त्यासाठी उकळणे किंवा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचे यंत्र, पुरते. लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओ यंत्रांवर बंदी घालावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली दिला होता, त्यामागचे एक कारण पाण्याची नासाडी हे होते. ती नासाडी किती, हे मी गावी मीटरने मोजले आहे. आमच्या तिथल्या आरओ यंत्रातून एक लिटर गोडे पाणी निघते तेव्हा तीन लिटर पाणी बारक्या नळीतून बाहेर जाते. आत जाणारे १,८७०, पिण्याचे १४०, आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यावर मीटरने दाखवले २४४ ×१०. चार लिटरमधले क्षार आणि एक व तीन लिटरमधले क्षार कागदावर मांडले तर दोन्ही बाजू साडेसात हजार मिलिग्रॅमच्या आसपास जुळतात. यंत्राने क्षार नष्ट केलेले नाहीत, फक्त वेगळ्या बादलीत ढकलले आहेत. पाणी यंत्रातल्या पडद्यातून पार होते आणि आयन अडतात, यामागेही पाण्याचा तोच पाहुणचार आहे. आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचा जो घेर बसलेला असतो, तो सोडून एकट्याने त्या दाट पडद्यात शिरणे आयनाला फार महागात पडते. विरघळवणारी ओढच इथे त्याला मागे खेचून धरते.

सुरुवातीच्या महिन्यांत गावच्या यंत्राचे पाणी ८५ असे, ते हळूहळू १४० वर आले आहे. पडदा झिजत चालल्याची ही खूण आहे, आणि माझ्या मते घरगुती मीटरचा सर्वोत्तम उपयोग हाच आहे. एकाच नळाचे पाणी एकाच मीटरने दर महिन्याला मोजावे आणि आकडा कोणत्या दिशेने सरकतो ते पाहावे. अमुक आकडा झाला की पडदा बदला, असे दुरुस्तीवाला सांगतो तेव्हा त्याच्या मीटरऐवजी आपले मीटर बुडवण्याची सोय होते. आमच्याकडे मागच्या वेळी आलेल्या गृहस्थांनी आकडा ३०० दाखवला होता. पेला विसळून पुन्हा मोजला तर तो १३८ निघाला. आधीच्या पाण्याचा ओला पेला वापरला की असे होते. त्यांनी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही.

घेणाऱ्यांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. गरम पाण्यात मोजू नये. वाहकता दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, आणि मीटर तापमानाची भरपाई करते असे खोक्यावर लिहिलेले असले, तरी उकळून कोमट झालेल्या पाण्यात माझे मीटर गार पाण्यापेक्षा पंचवीस-तीस अंक जास्तच दाखवत होते. दूध, ताक किंवा शहाळे मोजल्यावर टोके डिस्टिल्ड पाण्याने धुवावीत, नाहीतर पुढचे दोन आकडे खोटे येतात. टोपण सैल आहे आणि खिशात निघते. सोबत मिळालेली रेक्झिनची पिशवी दोन महिन्यांत उसवली.

एक तारा मी ×१० च्या त्या बारीक अक्षरांसाठी कापतो आणि पाचपैकी चार देतो. बाबांनी त्यावर स्वतःचा तोडगा काढला आहे. गावच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ते दर महिन्याच्या एक तारखेला बोअरचा आणि यंत्राचा आकडा लिहितात, आणि बोअरच्या आकड्यापुढे लाल पेनाने एक शून्य आधीच काढून ठेवलेले असते.